फोर्टला वकिलांकडे

ताईसोबत (मावसबहीण) आज वकिलांकडे गेले होते. संसार अमेरिकेत मोडला, ती लेकीला घेऊन दादरला माहेरी आली. आता तिकडच्या कोर्टाचा आदेश आलाय: मुलीला परत आणा. मावशीचं एकच पालुपद, "दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवायचा तो हेग करार, त्यात भारत नाहीये ना, मग घाबरायचं कशाला?" व्हॉट्सॲपवरचं ज्ञान, दुसरं काय!

वकीलबाईंनी शांतपणे समजावलं. १९८० च्या त्या करारात भारत नाही हे खरं, पण नवरा मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची (म्हणजे मुलीला कोर्टापुढे हजर करा, अशी) याचिका करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय की परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा. निर्णायक काय, तर मुलाचं हित. हित कशात, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरतं. २०१९ मध्ये एका प्रकरणात मुलांना अमेरिकेत परत न्यायलाच सांगितलं होतं. शिवाय तिकडे अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला, तर ताईचं तिथे पाऊल ठेवणंही अवघड.

मावशी गप्पच झाली.

जावयाबद्दल माझ्याही मनात राग आहे. पण ताईने बाप-लेकीचे व्हिडिओ कॉल बंद केलेत, ते मला पटत नाही. टॅक्सीत तसं म्हटलं, तर चिडली. वकीलबाईंनीही तेच बजावलंय: कॉल आजच सुरू करा.