ल्युसिड स्वप्नांचा सराव, नागपूर: नवशिक्याची प्रगती, मार्च ते जानेवारी

ल्युसिड स्वप्न म्हणजे स्वप्न सुरू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं. स्वप्नावर हुकूम चालवता येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बरीच नंतर येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला कोणत्या टप्प्यावर काय जमायला हवं, कुठे अडतं आणि का अडतं, ते या नोंदीत आहे. सराव नागपुरात करायचा म्हणून महिने इथल्या हवेप्रमाणे लावले आहेत. झोप तुटली की रेम झोप (मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात तो झोपेचा टप्पा) तुटते, आणि इथे झोप तोडण्याचं काम वर्षातले दोन-तीन महिने ऊनच करतं.

मार्च. फक्त वही

तंत्रं नंतर. आधी बहुतेक सकाळी किमान एक स्वप्न नीट लिहिता आलं पाहिजे. ते जमत नसताना तंत्राच्या मागे लागलात तर रात्री ल्युसिड स्वप्न पडूनही सकाळी आठवणार नाही. ठळक स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत पडतात. त्या वेळी मेंदूतलं नॉरॲड्रिनलिन हे रसायन अगदी तळाला गेलेलं असतं, आणि स्वप्न टिकत नाही यामागचं ते एक कारण मानलं जातं. म्हणून जाग आल्यानंतरची पहिली दोन मिनिटं सर्वांत मोलाची.

त्या दोन मिनिटांत हलायचं नाही. डोळे मिटलेलेच ठेवायचे, कूस बदलायची नाही, आज ऑफिसात काय आहे याचा विचार करायचा नाही. शेवटचं दृश्य पकडायचं आणि ‘याच्या आधी कुठे होतो?’ असं विचारत मागे मागे जायचं. धागा संपला की सावकाश दुसऱ्या कुशीवर वळायचं. त्या कुशीवर कधी कधी दुसरंच स्वप्न सापडतं. मग लिहायचं. वही उशीजवळ, पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधलेली (पेन आडवं पडून लिहिताना दगा देतं). फोनवर लिहू नका. पडदा उजळला की त्यावर दोन मेसेज दिसतात आणि स्वप्न गेलं. काहीच आठवत नसेल तर तारीख घालून ‘आठवत नाही, मन जड’ एवढं तरी लिहा. कोरं पान सोडलं की चार दिवसांत वही बंद पडते.

वर्तमानकाळात आणि तुटक लिहिलं तरी चालतं. एक नमुना:

‘मेट्रोत. सीताबर्डीहून सुटते, पुढचं स्टेशन समुद्रकाठी. शाळेतल्या बाई शेजारी, हातात ओला टॉवेल. पाटीवर झिरो माइल, परत पाहते तर नुसतं माइल. उतरताना पायात एकच चप्पल. घाई आहे, भीती नाही.’

आता लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. नवशिक्या सगळ्यांत आधी समुद्राला गोल करतो, कारण नागपुरात समुद्र म्हणजे उघड स्वप्न. पण समुद्र या वहीत एकदाच आला असेल तर त्याचा काही उपयोग नाही. एक चप्पल मात्र आधीच्या पानांवरही दिसते: कधी लग्नात हरवलेली, कधी फुटाळा तलावावर, कधी जिन्यात. तीच खरी स्वप्नखूण. खूण किती चमत्कारिक आहे हे बघू नका, ती किती वेळा परत येते ते बघा. शाळेतल्या बाईही परत परत येत असतील तर त्यांनाही गोल करा. पंधरा-वीस स्वप्नं लिहून झाली की दोन-तीन खुणा आपोआप वर येतात. त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायच्या. पुढे त्याच कामाला येतात.

एप्रिल ते नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस). गजर नाही

पहाटे उठायची तंत्रं या काळात सुरू करायची नाहीत. रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळण्याचं काम मंदावतं, घाम आणि थरथर दोन्हींवरचा ताबा सुटतो. म्हणून उकाड्याचा फटका गाढ झोपेला बसतो तसा रेमलाही बसतो. मे महिन्यात दिवसा ४५ अंश आणि रात्रीही पारा तिशीच्या आसपास, अशा खोलीत गजर लावून अजून एकदा झोप तोडणं म्हणजे सरावाचं नुकसान.

इथे प्रगती म्हणजे झोप वाचवणं. कूलरची टाकी झोपण्याआधी काठोकाठ भरा. पाणी पहाटेच्या सुमारास संपलं की वाळ्याच्या ताट्या सुकतात, गरम हवा येऊ लागते, आणि रात्रीतली सगळ्यांत लांब रेम झोप नेमकी त्याच वेळी असते. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. खोली बंद असेल तर कूलर नुसती दमट हवा फिरवतो आणि गुदमरून जाग येते. रात्री सावजी रस्सा खाल्ला असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. दारूने तर रात्रीच्या पहिल्या भागातली रेम झोपच दबते. उत्तररात्री ती उसळून येते, पण झोप तुटक असते.

उकाड्याने आपोआप जाग आलीच तर ती वाया घालवू नका. तेवढ्यात स्वप्न आठवा, दोन शब्द लिहा, परत झोपा. मे महिन्यात एवढं पुरे.

पावसाळा. रिॲलिटी चेक आणि दिवसाची लक्ष्यं

रिॲलिटी चेक म्हणजे दिवसा, जागेपणी, ‘मी आत्ता स्वप्नात आहे का?’ हे खरोखर तपासणं. दोन चेक पक्के करा, दहा नकोत.

पहिला नाकाचा. तोंड मिटायचं, बोटांनी नाक बंद करायचं आणि श्वास आत ओढून बघायचा. स्वप्नात बऱ्याचदा श्वास सहज आत येतो, कारण खरं नाक उघडंच असतं. दुसरा वाचनाचा. एखादी पाटी वाचायची, नजर हटवायची, परत वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात, शब्द गळतात. बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर गाडी बदलताना हा चेक चांगला बसतो, पाट्यांना तोटा नाही.

चुकतं कुठे? चेक यांत्रिक होतो. नाक दाबलं, श्वास आला नाही, पुढे चालू. असा चेक स्वप्नातही तसाच होतो आणि स्वप्नातला माणूस ‘जागाच आहे’ म्हणून निघून जातो. प्रत्येक चेकला वीस-तीस सेकंद द्या. पाच मिनिटांपूर्वी कुठे होतो, इथे कसा आलो, हे आठवा. स्वप्नात या प्रश्नाचं उत्तर सहसा सापडत नाही. श्वास येईल असं खरंच गृहीत धरून नाक दाबा. दिवसात आठ-दहा चेक पुरतात. वेळ घड्याळावर ठरवू नका, वहीतल्या खुणेवर ठरवा. खूण चप्पल असेल तर चप्पल घालताना दर वेळी चेक.

एक स्पष्ट सांगायला हवं. ॲडलेड विद्यापीठाच्या २०१७ सालच्या अभ्यासात नुसत्या रिॲलिटी चेकने फारसा फरक पडलेला दिसला नाही. त्याच्या जोडीला पहाटे उठणं आणि माइल्ड (परत झोपताना ‘पुढचं स्वप्न ओळखायचं’ हे मनात पक्कं करण्याचं तंत्र) आल्यावर फरक दिसला. म्हणून पावसाळ्यात चेकपेक्षा दिवसाच्या लक्ष्यांवर जास्त भर द्या. माइल्ड सगळं ‘पुढे अमुक झालं की तमुक आठवायचं’ या स्मरणावर उभं आहे, आणि ही स्मरणशक्ती दिवसा घासता येते.

सकाळी चार लक्ष्यं लिहायची. उदाहरणार्थ: पहिल्यांदा कुत्रा दिसेल तेव्हा, पुलावरून मेट्रो जाताना दिसेल तेव्हा, तर्री पोह्यांची गाडी दिसेल तेव्हा, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येईल तेव्हा. त्या त्या क्षणी चेक. आठवलं नाही आणि गोष्ट निघून गेली तर ते लक्ष्य हुकलं, नंतर भरून काढायचं नाही. रात्री चारपैकी किती लागली ते लिहायचं. रोज नवीन चार. सुरुवातीला एखादंच लागतं. तीन-चार नेमाने लागू लागली की माइल्डची वेळ झाली. फोनमध्ये रिमाइंडर लावून हे होत नाही. रिमाइंडर आठवण स्वतःकडे घेतो आणि तुमची स्मरणशक्ती जिथे होती तिथेच राहते.

दिवाळीनंतर. पहाटे उठणं आणि माइल्ड

हा या सगळ्याचा गाभा. माइल्ड स्टीफन लाबर्ज यांनी मांडलं. स्टॅनफर्डमध्ये काम करताना त्यांनी स्वप्नातून ठरलेल्या नेत्रहालचालींनी खूण देऊन ल्युसिड स्वप्नं प्रयोगशाळेत सिद्ध केली. इंग्लंडात कीथ हर्न यांनी १९७५ सालीच हल विद्यापीठात अशी खूण नोंदवली होती.

वेळेचं गणित: झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, आणि प्रत्येक चक्रातला रेमचा भाग पहाटेकडे लांबत जातो. साडेदहाला झोप लागली तर चौथं चक्र साडेचारच्या सुमारास संपतं. गजर साडेचारचा, पण आवाज हळू. गजर होताच जर स्वप्न हाताशी असेल तर वेळ बरोबर बसली. डोकं जड, काहीच आठवत नाही, असं सलग होत असेल तर गाढ झोपेत उठताय. गजर १५ मिनिटं मागे-पुढे सरकवून बघा.

मग वीस ते तीस मिनिटं जागं राहायचं. लघवीला जाऊन या, घोटभर पाणी प्या, मंद पिवळ्या दिव्यात वही वाचा. चहा नाही, फोन नाही. थंडीत जपा: डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो, गार फरशीवर पाय टेकताच झोप पार उडते. अशा दिवसांत शाल घेऊन अंथरुणातच दहा मिनिटं बसणं बरं.

परत आडवं झाल्यावर माइल्ड:

आत्ता आठवलेलं स्वप्न डोळ्यांसमोर आणा. त्यातली खूण शोधा. आता तेच स्वप्न परत चालवा, पण या वेळी चप्पल एकच आहे हे दिसताच तुम्ही थांबता, नाक दाबता, श्वास येतो, आणि ‘हे स्वप्न आहे’ हे कळतं. हे चित्र स्पष्ट झाल्यावर मनात म्हणा: ‘पुढच्या स्वप्नात मला स्वप्न ओळखायचं आहे.’ चित्र, वाक्य, चित्र, वाक्य, झोप लागेपर्यंत. मन भटकलं तर सुरुवातीपासून. झोपेत शिरताना मनात शेवटचा विचार हाच असला पाहिजे.

बहुतेकांचं इथे एकच चुकतं: वाक्याचा जप होतो आणि त्यातला हेतू निघून जातो. शंभर वेळा म्हणण्यापेक्षा दहा वेळा म्हणा, पण प्रत्येक वेळी खरंच ठरवून.

परत झोप किती लवकर लागते याला फार महत्त्व आहे. ॲडलेडच्या त्याच अभ्यासात ही तिन्ही तंत्रं मिळून करणाऱ्यांना आठवड्याभरात १७ टक्के यश आलं. पण माइल्ड संपल्यावर पाच मिनिटांत झोप लागली त्या प्रयत्नांत ते जवळपास ४६ टक्के होतं. तेव्हा अर्धा तास तळमळत असाल तर जागं राहण्याची वेळ निम्मी करा. उलट, दोन वाक्यांतच घोरायला लागत असाल तर ती वाढवा आणि माइल्डचा पहिला भाग बसून करा. आठवड्यातून दोनदाच, तेही दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा. रोज केलं तर झोपेची थकबाकी साचते आणि आठवण्याची क्षमताच घसरते. वहीत स्वप्नं कमी होताना दिसली की गजर आठवडाभर बंद.

पहिली ल्युसिड स्वप्नं

ती काही सेकंदांची असतात. कळतं, आनंदाने ओरडावंसं वाटतं आणि छत दिसतं. तेव्हा कळल्याबरोबर काहीही मोठं करायचं नाही. तळहात एकमेकांवर घासा, त्यांची ऊब जाणवू द्या. भिंतीला हात लावा, तिचा खरखरीतपणा बोटांनी तपासा. स्पर्शाकडे लक्ष गुंतलं की स्वप्न टिकतं, कारण मग अंथरुणातल्या शरीराकडे लक्ष जात नाही. एकाच गोष्टीकडे टक लावून बघू नका. चित्र फिकं पडायला लागलं तर स्वप्नातल्या शरीराने जागेवर गिरकी घ्या. उडणं नंतर. पहिलं काम छोटं: आपला हात बघणं, एक दार उघडणं. दारापलीकडे काय हवं ते उघडण्याआधी ठरवा. स्वप्न अपेक्षेप्रमाणे वळतं, दटावून वळत नाही.

जाग आली तरी हलू नका, डोळे उघडू नका. मिनिटभरात तेच स्वप्न परत लागू शकतं. आणि जाग आल्यासारखी वाटली तरी नाक दाबून बघा. उठलो, वही लिहिली, दात घासले, आणि मग खरी जाग आली, हे या टप्प्यावर नेहमीचं. ‘जागा झालो, चेक’ ही सवय लागली की अशी खोटी जाग म्हणजे आयतंच ल्युसिड स्वप्न.

तूर्त बाजूला ठेवायच्या गोष्टी

जागेपणातून थेट स्वप्नात शिरण्याचं तंत्र, वाइल्ड, सध्या नको. त्यात शरीर लुळं पडून छातीवर कोणी बसल्यासारखं वाटू शकतं. रेममधल्या स्नायूंच्या शिथिलतेचाच तो भाग आहे आणि धोकादायक नाही, पण नवा माणूस घाबरतो आणि सराव सोडतो. गॅलँटामाइनने शक्यता वाढते हे २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं. तरी ते अल्झायमरवरचं औषध आहे, डॉक्टरांशिवाय हात लावू नये. सायकोसिस, बायपोलर किंवा निद्रानाशाचा इतिहास असेल तर पहाटे उठण्याचा भाग करूच नये. नाइट ड्यूटी करणाऱ्यांनी वही आणि दिवसाची लक्ष्यं एवढ्यावर थांबावं.

जानेवारी. वहीतले रकाने

प्रगती मोजायला पाच रकाने: झोपेचे तास, आठवलेली स्वप्नं, लागलेली लक्ष्यं, माइल्डनंतर झोप लागायला गेलेला अंदाजे वेळ (घड्याळ बघायचं नाही), आणि ल्युसिडची पायरी. पायरी ० म्हणजे नाही. १ म्हणजे स्वप्नात ‘हे विचित्र आहे’ एवढं वाटलं. २ म्हणजे कळलं, पण लगेच जाग आली. ३ म्हणजे कळलं, हात घासले आणि ठरवलेलं काम केलं. बहुतेक जण १ वर बराच काळ रेंगाळतात आणि तो रकाना रिकामा सोडतात. तो भरा. संशय आला आणि चेक झाला नाही, अशा रात्रींची खूण वहीतून काढून दुसऱ्या दिवशीच्या चार लक्ष्यांत टाकायची. तिथून २ वर जाणं बरंच सोपं पडतं.