पुणे–महाबळेश्वर–दापोली इलेक्ट्रिक गाडीने: पार्किंग ब्रेकचा दिवा लागला तर

मार्ग असा: पुणे, वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड, दापोली. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे आंबेनळीत दरड आली आहे का, हे महाबळेश्वरलाच विचारून घ्यावं. गाडीला मागे डिस्क ब्रेक आणि बटणावर, मोटरने चालणारा पार्किंग ब्रेक.

महाबळेश्वरला बॅटरी १०० टक्के भरून निघू नका. तिथून पोलादपूरपर्यंत साधारण ४० किलोमीटरमध्ये गाडी हजार-बाराशे मीटर खाली उतरते. १,६०० किलोच्या गाडीत ही साडेचार-पाच युनिटची ऊर्जा होते. बॅटरी भरलेली असली की ती घ्यायला जागा नसते, रिजन (मोटरने गाडीचा वेग कमी करून बॅटरी भरणं) बंद पडतं आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. ८० ते ८५ टक्क्यांवर निघालेलं बरं.

तापलेल्या ब्रेकचा पार्किंगशीही संबंध आहे. प्रतापगडाच्या फाट्यावर किंवा घाटातल्या चहाच्या टपरीपाशी उतारावर गाडी लावली, की डिस्क थंड होताना आकसते आणि पॅडची पकड सैल पडते. बऱ्याच गाड्या थोड्या वेळाने ब्रेकची मोटर पुन्हा फिरवून पकड घट्ट करतात. बंद गाडीतून मागून घर्रर्र आवाज आला तर घाबरू नका, तो हाच. तरीही चाकाला दगड लावा आणि चाकं कडेच्या भिंतीकडे वळवून ठेवा. काही इलेक्ट्रिक गाड्यांत गिअर अडकवणारा खटका नसतोच, ‘पी’ (पार्क) म्हणजे फक्त हाच ब्रेक. आपल्या गाडीत काय आहे ते निघण्याआधी पुस्तिकेत बघा.

दापोलीतल्या दुसऱ्या सकाळी पडद्यावर पार्किंग ब्रेक तपासण्याची सूचना आली, सोबत पिवळा दिवा आणि स्टिअरिंगचाही इशारा. एकाच वेळी दोन-तीन असंबद्ध इशारे आले की पहिला संशय १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर घ्यावा. ब्रेकच्या मोटरी मोठ्या बॅटरीवर नाही, याच छोट्या बॅटरीवर चालतात. मल्टिमीटरवर ११.८ व्होल्ट दिसले. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते. आदल्या संध्याकाळी दारं उघडी टाकून, गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) न करता तासभर गाणी चालू होती, एवढंच कारण. छोटी बॅटरी भरली जाते ती गाडी रेडी असताना किंवा चार्जरला लावल्यावर. अर्धा तास रेडीत ठेवली, तेव्हा छोटी बॅटरी भरत असल्याने मीटर १४.२ वर होता. मग गाडी बंद, दार लावून दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चालू. दिवा गेला.

तरी नाही गेला, तर सपाट जागी पाय ब्रेकवर ठेवून बटण ओढा, मग दाबून सोडा, तीन-चारदा. एकाला मागे उभं करून दोन्ही चाकांचा आवाज ऐकायला सांगा. एकाच बाजूचा आला तर मुक्या बाजूची मोटर, वायर किंवा कनेक्टर बघायला हवा. चिखल-पाणी शिरलेलं असू शकतं. कोड रीडर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर पुसण्याआधी कोडचा फोटो काढा, मेकॅनिकचा वेळ वाचतो.

लाल दिवा मात्र वेगळा. ब्रेक सोडूनही तो राहिला, तर गाडी हलवण्याआधी ब्रेक ऑइल किमान खुणेच्या वर आहे का बघा. खाली असेल तर गाडी चालवू नका.

कर्द्याच्या किंवा मुरुडच्या किनाऱ्याजवळ रात्रभर लावलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी केशरी गंजाची साय दिसते. रिजनमुळे मागचे ब्रेक कमीच वापरले जातात, म्हणून पॅड चिकटतात. हळूच मागे-पुढे घेतली की ‘टक्’ करून सुटतं. सुटलं नाही तर जोर करू नका. ब्रेक अडकलेली गाडी चाकांवर ओढून न्यायची नाही, सपाट ट्रकच बोलवा. आणि वाळूत गाडी घालू नका, खरंच नका. खारं पाणी कनेक्टरमध्ये गेलं की दुरुस्ती महिनोन्‌महिने पुरते.

परत आल्यावर मागच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावून घ्या. पॅड बदलायचे असतील तर ब्रेक आधी मेंटेनन्स मोडमध्ये टाकायला सांगा. मोटर मागे न घेता पिस्टन शिकंजाने दाबला तर आतला स्क्रू आणि गिअर खराब होतात आणि मग आख्खं कॅलिपर बदलायची वेळ येते.