2757 जेवणं

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण झाला. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, उसाची मोळी आणि कुणीतरी आणलेली पाय बांधलेली गावरान कोंबडी. ती अख्खा उपदेश संपेपर्यंत ओरडत होती. नंतरच्या लिलावात मी एक दुधी 340 रुपयांना घेतला. मुलानं कपाळाला हात लावला.

मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. मी उत्तर कोरियातल्या विश्वासणाऱ्यांची आठवण केली. बाहेर पडताना कमिटीतले एक ब्रदर म्हणाले, "बाई, प्रार्थना ठीक आहे. पण तिकडे धान्य पाठवण्यात अर्थ नाही. सगळं मिलिटरीच्या पोटात जातं."

तसं ते खोटं बोलत नव्हते. 1991 मध्येच तिथल्या सरकारनं 'दिवसातून दोनदाच जेवू या' अशी मोहीम काढली होती. सोव्हिएत मदत आटली, 1995 ला पूर आले आणि रेशन कोलमडलं. किती माणसं मेली याचे अंदाज काही लाखांपासून 30 लाखांपर्यंत जातात. घराणं सत्तेशी किती निष्ठावान, यावर माणसाची पायरी ठरते आणि त्या पायरीवर ताट. खऱ्या भुकेल्यांपर्यंत पोचूच देत नाहीत, म्हणून 1998 मध्ये 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेनं तिथलं काम थांबवलं.

आणि हे त्या देशात, ज्याच्या राजधानीला, प्योंगयांगला, एके काळी पूर्वेचं यरुशलेम म्हणत. या राजवटीचा संस्थापक किम इल-सुंग, त्याची आईसुद्धा ख्रिस्ती घरातली होती!

पण मला राहून राहून आठवतात ते पास्टर लिम ह्यून-सू. कॅनडातल्या कोरियन चर्चचे पाळक. 1997 पासून शंभराहून जास्त वेळा ते उत्तर कोरियात गेले. अनाथाश्रम, वृद्धाश्रम अशी कामं त्यांनी उभी केली. 2015 च्या सुरुवातीला त्यांना पकडलं, आणि डिसेंबरात सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून जन्मठेप, सक्तमजुरीसह. साठी ओलांडलेला माणूस सफरचंदाच्या रोपांसाठी खड्डे खणत होता. ऑगस्ट 2017 मध्ये सुटून आल्यावर ते आपल्या मंडळीपुढे म्हणाले, मी 2757 जेवणं एकट्यानं जेवलो.

मी शाळेत गणित शिकवायचे. हात लगेच भागाकाराकडे गेला. तीननं भागलं की 919 दिवस, बाकी शून्य. म्हणजे एकही जेवण त्यांच्या हिशेबातून सुटलं नव्हतं. यजमान गेल्यापासून दुपारचं ताट मी एकटीच वाढून घेते, तेही कधीकधी उभ्यानं. तरी दार उघडं असतं, शेजारीण डोकावते. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' यातलं 'आम्हांला' त्या माणसानं त्या खोलीत कसं म्हटलं असेल?

भुकेपोटी तुमेन नदी ओलांडून चीनमध्ये जाणाऱ्यांना लोक सांगत, क्रूस दिसेल ती इमारत शोधा, तिथे भात मिळेल. चीननं परत पाठवलं की चौकशीत प्रश्न असतो: चर्चमध्ये गेला होतास का? मिशनऱ्याला भेटलास का? हो म्हणणाऱ्याला राजकीय कैद्यांची छावणी, कधी त्याहून वाईट. म्हणजे भातच पुरावा.

आमच्या घराण्याला नगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागलं, 'पोटासाठी बाटले'. 1876-78 च्या दुष्काळात खापरपणजोबा मनमाड-दौंड रेल्वेच्या मातीकामावर होते. मिशनचं धान्य मिळालं, पुढे बाप्तिस्मा झाला. लहानपणी या टोमण्यानं मी रडत घरी यायचे. आता वाटतं, पोटासाठी माणूस येणार नाही तर कशासाठी येईल? येशूनं तरी पाच हजारांना भाकरी वाटताना कुणाला कारण विचारलं होतं? खापरपणजोबांना फक्त टोमणे मिळाले. नदीपलीकडून परत आलेल्याला छावणी मिळते.

ब्रदरना मी आजीकडून ऐकलेलं सांगितलं. कामावरचं धान्य मुकादम चोरायचा, सगळ्यांना माहीत होतं. आजी म्हणायची, "निम्मं मुकादमानं खाल्लं. उरलेल्या निम्म्यावर तू आहेस."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाले, "बाई, दुधी जून दिसतोय."


जूनच निघाला.