काकांच्या हाताखालचा ऱ्होड्स

सकाळी अकराला काका स्टुडिओत आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तरुणपणी ते ७३ पट्ट्यांचा ऱ्होड्स, म्हणजे एक इलेक्ट्रिक पियानो, वाजवायचे. ते वाद्य कधीच विकलं गेलं. नव्या ध्वनिमुद्रणात त्यांना तोच आवाज हवा होता, आणि दोन रात्री जागून मी तो संगणकावर जमवला होता. सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचे मुद्रित करून ठेवलेले स्वर, उत्तम होते. ऱ्होड्सच्या सूटकेस मॉडेलसारखा डावीकडून उजवीकडे झुलणारा ट्रेमोलो, म्हणजे आवाजाचा हेलकावाही लावला होता.

काकांनी चार कॉर्ड वाजवले आणि हात उचलले. "आवाज तोच आहे रे. पण जोर दिला तरी हा भुंकत नाही."

हे 'भुंकणं' ऱ्होड्सचा प्राण आहे. त्यात तार नसते. हॅमर पोलादाच्या बारीक काडीवर, म्हणजे टाईनवर, आदळतो आणि ती पिकअपसमोर, म्हणजे कंपनाचं विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या चुंबकी भागासमोर, थरथरते. हळू वाजवलं की घंटेसारखा गोड स्वर. जोरात वाजवलं की टाईनचा झोका वाढतो, पिकअपमधून निघणारी लहर वाकडी होते आणि स्वर गुरगुरतो. बोटाचा दाब बदलला की नुसता आवाज वाढत नाही, स्वराचा पोतच बदलतो.

मी आधी सॅम्पलवर संशय घेतला. मग त्यांनी वाजवलेलं मिडी, म्हणजे कोणती पट्टी किती जोरात वाजली याची संगणकातली नोंद, उघडून पाहिलं. व्हेलॉसिटी, म्हणजे त्या जोराचा आकडा, १२७ पर्यंत जाते. काकांची बहुतेक ५० ते ७५ मध्ये, सर्वांत जोराचा स्वर ८८. सॅम्पलचे जोराच्या फटक्यांसाठीचे वरचे थर, जिथे ती गुरगुर साठवलेली असते, तिथे त्यांची बोटं पोचतच नव्हती. मी सगळं माझ्या हाताच्या मापाने बेतलं होतं! या चुकीचं मला फार वाईट वाटलं, कारण जोर लावून लावून त्यांचं मनगट दुखायला लागलं होतं.

व्हेलॉसिटीचा वक्र त्यांच्या हाताप्रमाणे वाकवला, ८८ ला ११८ च्या आसपास नेलं. तरी दोन थरांमधली उडी कानाला खटकत होती. शेवटी सॅम्पल सोडले आणि पियानोटेक हे सॉफ्टवेअर घेतलं. त्यात कंपनाचं गणित तिथल्या तिथे होतं, पिकअपचं अंतरही बदलता येतं. ते थोडं जवळ आणलं.

काकांनी डाव्या हाताने एक कॉर्ड हलकेच धरला, मग तोच ठासून वाजवला. तो भुंकला. त्यांनी तो आठ-दहा वेळा वाजवला, डोळे मिटून.

"आणि पट्टी सोडताना तो फेल्टचा 'थप्' येतोय ना," ते म्हणाले, "तो पुसू नकोस हं."