नऊशे पन्नास किलो

डिसेंबर, रविवार रात्र

मारुतीची बलेनो आरएस म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे बलेनोच ना?" हो, बलेनोच. बाहेरून फरक शोधायचा तर बंपर बघायचे, नाहीतर वाकून मागच्या चाकांतल्या डिस्क ब्रेककडे बघायचं. खरा फरक बॉनेटखाली आहे. ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं बूस्टरजेट टर्बो पेट्रोल इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं चक्र), १०२ पीएस ताकद, १५० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, आणि अख्ख्या गाडीचं वजन ९५० किलो. मार्च २०१७ मध्ये आली आणि बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू व्हायच्या आधीच, २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. मी सेकंडहँड घेतली तेव्हा बाबा म्हणाले होते, "बंद झालेली गाडी कायले घेतो बापा?" त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. आज नागपूरहून चिखलदऱ्याला जाऊन आलो आणि ते उत्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

भाचा सोबत होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या त्याच्या डोक्यात फक्त समृद्धी महामार्ग आहे. काल रात्रीच त्याने सुरुवात केली, "मामा, समृद्धीनं जाऊ ना. सकाळी एकदम खाली राहते. टॉप किती मारते पाहू." मी नाही म्हटलं. टॉप मारायचा नाही हे एक कारण, १२० ची मर्यादा आहे आणि ती असायलाच हवी. पण त्याहून मोठं कारण असं की समृद्धीवर ही गाडी कळतच नाही. शिवमडक्याला चढलं की समोर सरळ काँक्रीट. पाचव्या गिअरमध्ये काटा १०० वर ठेवून बसायचं, टायरचा एकसुरी आवाज ऐकायचा आणि डोळे मिटणार नाहीत याची काळजी घ्यायची. हलक्या गाडीची जी काही उणी बाजू आहे, ती तिथेच दिसते. मोठा ट्रक ओलांडून पुढे आलं की आडवा वारा लागतो आणि गाडी जराशी सरकते, हात घट्ट धरावे लागतात. जड सेडान अशा वेळी ढिम्म राहते. मुंबईपर्यंतच्या ७०१ किलोमीटरसाठी कोणी मला गाडी सुचवायला सांगितली तर मी ही सुचवणार नाही, अगदी मनापासून सांगतो.

म्हणून काटोल रोड. फेटरी, कळमेश्वर, काटोल, मग जलालखेडा, वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा. वेळ जास्त लागतो, लागू दे. अंधार असताना निघालो, काटोलच्या अलीकडे उजाडलं. या दिवसांत हा रस्ता बघण्यासारखा असतो. कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडे निघालेले, आणि ट्रॉली जिथे जिथे कडेच्या बाभळीला घासून गेली तिथे काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले. वरुडकडे आंबिया बहाराची संत्री क्रेटमध्ये भरणं चाललेलं. शेताच्या तोंडाशी ट्रक उभा, निम्मा रस्त्यावर. ट्रॅक्टर, बैलबंडी, दुधाच्या कॅनवाला, एसटी, मग मध्येच मोकळा तुकडा, मग पुन्हा ट्रॅक्टर. वेग सारखा ४० आणि ८० च्या मध्ये खालीवर होत राहतो.

आणि नेमक्या याच कामाला ही गाडी घडली आहे, असं मला दर वेळी वाटतं. १५० न्यूटन मीटर पूर्ण टॉर्क १७०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४५०० पर्यंत मिळतो. ट्रॅक्टरच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना समोर मोकळं दिसलं, की गिअर न बदलता पाय दाबायचा. क्षणभर काही होत नाही, टर्बो वेग घेत असतो, आणि मग पाठीला एक सलग रेटा लागतो. तीन सिलिंडरची ती घरघर एकदम भरीव होते. ट्रॅक्टर मागे पडलेला असतो, आपण आपल्या बाजूला आलेलो असतो आणि काटा जेमतेम ७५ वर असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला आपण किती कमी वेळ होतो, हे महत्त्वाचं. १७०० च्या खाली मात्र इंजिन सुस्त आहे. सीताबर्डीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये रेटत राहिलं तर ते मागे ओढतं, तिथे पहिला टाकावाच लागतो.

भाचा म्हणाला, "मामा, पण १०२ पीएस म्हणजे काहीच नाही ना. आता एसयूव्ही १६० च्या येऊन राहिल्या." बरोबर आहे त्याचं. परदेशात याच इंजिनातून ११० च्या वर पीएस काढलेत, आपल्याकडे आणताना ते कमी केले. पण आकडा एकटा बघून चालत नाही. १०२ ला ९५० किलोंनी भागलं की टनामागे १०७ पीएस येतात. चौदाशे-पंधराशे किलोंच्या गाडीला तेवढंच चालायचं तर १५०-१६० लागतातच. आणि हा हिशेब फक्त पळण्याचा झाला. वळणं आणि थांबणं या दोन गोष्टी त्यात येतच नाहीत, तिथे पीएस कामाचे नाहीत, वजनच कामाचं. त्याला म्हटलं, घाटात बोलू.

वरुडला चहा घेतला. परतवाड्यानंतर धामणगाव गढीवरून वर चढलो.

घाटाबद्दल सविस्तर लिहायचं आहे. चढाचं उजवं वळण घ्या. ब्रेक सरळ रस्त्यावरच लावून घ्यायचा, दुसरा गिअर, आणि वळणात शिरताना पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकलेला. गाडीचं नाक आत येतं आणि मागचा भाग लगेच पाठोपाठ येतो. मध्ये तो एक डोल नसतो, जो उंच गाडीत जाणवतो, की आधी बॉडी बाहेरच्या बाजूला कलणार, मग स्थिरावणार, आणि मग आपण पुढचा विचार करणार. वळण संपताना आरपीएमचा काटा २००० च्या वर असतो, म्हणजे टर्बो जागा असतो. पाय दाबला की चढ असूनही गाडी उचलते. पुढचं डावं वळण लगेच आलं तरी तिला सावरायला वेळ द्यावा लागत नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडतं. वेग किती होता? ४०, फार तर ५०. मेळघाटाचं जंगल आहे, वळणाआड वानरांचा कळप बसलेला असू शकतो आणि आज एकदा होताही. त्याहून जास्त वेग तिथे कोणीच घेऊ नये. पण ४५ च्या वेगात गाडी चालवल्याचा पुरता आनंद मिळतो, हे या गाडीने मला दाखवलं. ताकदवान, जड गाडीत तोच आनंद मिळायला वेग असा लागतो, की जो आपल्या रस्त्यांवर घेणं गुन्हा आहे.

एक लक्षात आलं ते असं, की इतक्या हलक्या गाडीत माणसंही मोजावी लागतात. आज आम्ही दोघंच होतो. दिवाळीत घरचे चौघं बॅगा घेऊन निघालो होतो, तेव्हा तिचा स्वभावच वेगळा होता. ९५० ची साडेबाराशे झाली की वळणात शिरणं सावकाश होतं आणि टर्बोचा तो रेटा अर्धाच वाटतो. बायको म्हणाली होती, "आज ही आपली नेहमीची गाडीच वाटत नाही." चालवत मी होतो आणि जाणवलं तिला.

वर पोचेपर्यंत ११०० मीटरच्या आसपास उंची येते. नागपूर साधारण ३१० मीटरवर. म्हणजे वर हवेचा दाब नऊएक टक्के कमी. टर्बो नसलेल्या गाडीची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते, माझ्या जुन्या गाडीत याच घाटात शेवटच्या चढांना ते स्पष्ट कळायचं. टर्बो असला की तो थोडा जास्त फिरून ती तूट भरून काढतो. आज देवी पॉइंटच्या अलीकडच्या चढावरही इंजिन काटोल रोडसारखंच ओढत होतं.

पोचल्यावर गाडी लगेच बंद केली नाही. भाच्याने विचारलं, "काऊन चालू ठेवली?" टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि ते ज्या बेअरिंगवर फिरतं त्याला आधार असतो तो इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. घाट चढून आल्याआल्या किल्ली फिरवली की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि आत राहिलेलं ऑइल त्या तापलेल्या भागात करपायला लागतं. एक मिनिट नुसतं चालू ठेवायचं, बस. मग चिखलदऱ्याची कॉफी प्यायलो, इथलीच, विदर्भात कॉफी पिकते ती इथेच. गाविलगड लांबूनच बघितला.

उतरताना भाच्याला वजनाचं उत्तर मिळालं. एका वळणावर मोठी एसयूव्ही कडेला लावून माणसं चाकाजवळ वाकलेली होती, काच खाली होती म्हणून ब्रेक तापल्याचा तो उग्र वास आमच्या गाडीतही आला. त्याच वेगात, त्याच उतारावर चौदाशे किलोंच्या गाडीच्या ब्रेकना आपल्यापेक्षा जवळजवळ दीडपट उष्णता जिरवावी लागते. आमचं पेडल खालपर्यंत सारखंच राहिलं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो, एक लिटरचं इंजिन फार रोखून धरत नाही, पण रोखायचं तरी किती? भाचा काही बोलला नाही. परतवाड्याला पोचल्यावर म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी मी चालवतो." देईन.

आता मे महिन्याचं. आज सकाळी काटोल रोडला थंडी होती, काचेवर दव होतं, आणि इंजिन जसं ओढत होतं तसं ते मे महिन्यात कधीच ओढत नाही. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो आणि हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, तेच. ही तापलेली हवा इंटरकूलरमधून जाते आणि तो तिला गार करतो, पण कशाने? बाहेरच्या हवेनेच. बाहेर ४५ अंश असतील तर आतली हवा ४५ च्या खाली येऊच शकत नाही. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा जवळजवळ दहा टक्के विरळ. त्यात गरम हवेत पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा धोका, म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, आणि ताकद आणखी उतरते. वर एसी पूर्ण जोरात. वर्धा रोडवर दुपारी दोन वाजता सिग्नल सुटल्यावर १७०० च्या खालचा तो सुस्तपणा दुपटीने जाणवतो. उंचीवर जो टर्बो आपल्याला सांभाळून घेतो, तोच नागपूरच्या उन्हात हात टेकतो.

म्हणूनच मी वजनाला इतका चिकटून आहे. १०२ पीएस आमच्या गावात बाराही महिने १०२ राहत नाहीत. ९५० किलो मात्र मे महिन्यातही ९५० च राहतात. ब्रेक तसेच लागतात, वळणं तशीच घेते, टायरवर ताण तेवढाच कमी. बाबांना हेच सांगायला हवं होतं. परदेशात कार्बन फायबर वापरून हजार-अकराशे किलोंच्या टर्बो स्पोर्ट्स कार करतात, त्या किमतीला इथे घर येतं. इथे साध्या पोलादात, घरच्या वापरातल्या हॅचबॅकमध्ये ९५० किलो मिळत होते, आणि लोकांनी ती घेतली नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. २०२३ मध्ये हे इंजिन फ्राँक्समध्ये परत आलं याचा आनंद आहे, निदान सुटे भाग मिळत राहतील. पण तो आकार वेगळा, ती बसण्याची उंची वेगळी.

पुढच्या महिन्यात टायर बदलायचे आहेत. मानकापूरच्या गॅरेजवाल्या दादांनी सतरा इंचांचे अलॉय दाखवून ठेवलेत, दिसायला सुंदर आहेत, आणि सोबत इंजिनाचं रीमॅप करून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, १२० पीएसच्या पुढे नेऊ म्हणतात. दोन्हीला नाही सांगणार आहे. रीमॅप म्हणजे टर्बोवर जास्त दाब, म्हणजे जास्त उष्णता, आणि उष्णता आपल्याकडे आधीच भरपूर आहे. मोठी चाकं जड असतात, आणि चाकातलं वजन स्प्रिंगच्या खालचं वजन, ते प्रत्येक खड्ड्यात वर उचलावं लागतं, प्रत्येक वेळी फिरवावं आणि थांबवावं लागतं. कंपनीचा १९५/५५ आर १६ हाच आकार ठेवायचा. वाचलेल्या पैशांत उन्हाळ्याआधी पूर्ण सिंथेटिक ऑइल, नवा एअर फिल्टर, आणि इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला कापूस काढून घ्यायचा. आज वरुड रोडवरून बराच आला असणार.