पेत्राच्या तोंडावरचा उजेड

काल रात्री डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'पेत्राचा नकार' परत उघडून बसले. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममधे आहे, १६६० चं, पण ऑनलाइन इतकं झूम करून बघता येतं की वेळेचं भानच राहत नाही. येशूला पकडून नेलंय, त्याचा शिष्य पेत्र मागोमाग महायाजकाच्या, म्हणजे ज्यूंच्या मुख्य धर्मगुरूच्या, वाड्यात शिरलाय, तिथली दासी त्याला हटकते की तू पण त्याच्यातलाच ना, आणि हा सरळ सांगतो, मी नाही ओळखत त्या माणसाला. कोंबडा आरवायच्या आधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशूने त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि तसंच होतं.

आता उजेड कुठून येतोय बघा. आकाशातून वगैरे अजिबात नाही, मेणबत्ती त्या दासीच्या हातात आहे. ज्योत तिने तळहाताआड धरलीये म्हणून आपल्याला नीट दिसत नाही, पण पेत्राच्या तोंडावर आणि अंगावरच्या फिकट कपड्यावर सगळा उजेड जाऊन पडलाय. चौकशीच चाललीये त्याची! आणि येशू मागे उजवीकडे काळोखात, पटकन सापडतही नाही, मान वळवून बघतोय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे हे, कोंबडा आरवतो आणि प्रभू वळून पेत्राकडे बघतो. देवमाणूस म्हटला की त्याच्याभोवती तेज असणार हे आपण धरूनच चालतो ना, इथे तोच अंधारात आणि खोटं बोलणारा लख्ख उजेडात, मला हे फार आत लागतं.

इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओनेही हाच प्रसंग रंगवलाय, १६१० च्या सुमारास, म्हणजे आयुष्याच्या अगदी शेवटी शेवटी. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे आहे. त्यात येशू नाहीच, तीनच माणसं, एकमेकांना खेटून. शिपायाचा चेहरा सावलीत बुडालाय, त्याचं एक बोट आणि दासीची दोन बोटं पेत्राकडे, तीन नकारांची तीन बोटं म्हणतात ती हीच. पेत्राचे दोन्ही हात स्वतःच्याच छातीकडे वळलेत आणि कपाळावर आठ्याच आठ्या, प्रत्येक आठीवर उजेड पडलाय. १६०६ मधे रोममधे कॅराव्हॅजिओच्या हातून माणूस मेला होता, तेव्हापासून तो पळतच होता, हे माहीत असल्यावर त्या आठ्यांवरून नजर हलत नाही.

तरी मला रेम्ब्रांटचा पेत्र जास्त खरा वाटतो. कॅराव्हॅजिओच्या पेत्राचे डोळे आत्ताच भरून आल्यासारखे दिसतात, पण गोष्टीत तो रडतो ते नंतर, बाहेर जाऊन. रेम्ब्रांटचा पेत्र नुसता थकलेला म्हातारा आहे, आपण काय बोलून बसलो ते अजून त्याच्या पुरतं डोक्यातच शिरलेलं नाही.