मिसिसिपीकाठचे ऊसमळे: रिव्हर रोडवर बंगला शेवटी पाहा

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लिन्सहून बॅटन रूजकडे मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांनी जाणारा रस्ता म्हणजे रिव्हर रोड. ओकच्या झाडांची कमान, पांढरे खांब, रुंद व्हरांडे अशा थाटात इथले मळेवाल्यांचे बंगले दाखवायची पद्धत जुनी आहे आणि बऱ्याच सहली अजून तशाच चालतात. तिथे लग्नंही लागतात. आमचं सांगणं इतकंच की बंगला शेवटी पाहा. आधी जमीन पाहा, मग कढया, मग माणसांची नावं. या क्रमाने गेलं की बंगल्याचा पैसा कुठून आला हे कुणाला विचारावं लागत नाही.

एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर व्हिटनी प्लँटेशन निवडा. हे संग्रहालय २०१४ च्या डिसेंबरात खुलं झालं आणि त्याचा सगळा भर गुलामीत ठेवलेल्या माणसांवर आहे. सार्वजनिक वाहन तिथे जात नाही, गाडी हवी. आय-१० महामार्गावरून पश्चिमेकडे निघा, १९४ क्रमांकाच्या एक्झिटला उतरा, ग्रामर्सीचा पूल ओलांडा आणि १८ क्रमांकाच्या रस्त्यावर डावीकडे वळा. शहरातून तासभर लागतो. इथे पूल मोजके आहेत. व्हिटनी, ओक अ‍ॅली, लॉरा, एव्हरग्रीन हे मळे पश्चिम काठावर, तर डेस्ट्रेहान आणि लाप्लास पूर्व काठावर. यादी करताना काठ पाहिला नाही तर अर्धा दिवस पूल शोधण्यातच जातो. निघण्यापूर्वी सुट्टीचा वार संकेतस्थळावर पाहून घ्या. आवारात सावली कमी आहे, जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची पहिली वेळ धरा.

रस्त्यावरून नदी दिसत नाही, मध्ये उंच बांध आहे. पुरापासून मळे वाचवणारे हे बांध आधी गुलामांच्या श्रमानेच उभे राहिले. जमिनीचे तुकडे फ्रेंच पद्धतीने पाडलेले: नदीला चिंचोळं तोंड आणि मागे दलदलीपर्यंत लांबच लांब पट्टा. प्रत्येक मालकाला नदीचा धक्का मिळावा हा त्यामागचा हिशोब. ही आखणी ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

व्हिटनीची सुरुवात १७५२ मधली, आंब्रुआझ हायडेल या जर्मन वंशाच्या स्थलांतरिताची. आधी इथे नीळ होती. १७९५ मध्ये एत्येन द बोरे यांच्या न्यू ऑर्लिन्सजवळच्या मळ्यावर दाणेदार साखर जमली आणि काठावरचे मळे भराभर उसाकडे वळले. पण लुइझियाना हा उसाचा सहज प्रदेश नव्हे. आपल्याकडे आडसाली ऊस सतरा-अठरा महिने उभा राहू शकतो. इथे हिवाळ्यात हिमतुषार पडतात, ऊस गोठला की रस आंबतो आणि साखर बसत नाही. म्हणून नऊ-दहा महिन्यांचा, पुरता न पिकलेला ऊस ऑक्टोबरपासून तोडायचा आणि हिम येण्याआधी गाळून संपवायचा. हिम आलंच तर तोडलेला ऊस सऱ्यांत आडवा घालून पाचटाने झाकायचा. बेण्याचा ऊसही असाच झाकून राखत. कोवळ्या उसात साखर कमी, म्हणजे तेवढ्याच साखरेसाठी जास्त ऊस, जास्त रस, जास्त जळण. तो सगळा भार माणसांवर पडायचा. हंगामात चरक रात्रंदिवस चालत आणि सोळा-अठरा तासांची पाळी ही रोजची गोष्ट होती.

आवारात बिडाच्या मोठ्या कढया मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्यापाशी थांबा. गुऱ्हाळ पाहिलेल्याला त्या लगेच समजतील. फरक हा की इथे एका चुलाणावर चार कढया ओळीने बसवत. धुराड्याकडची सर्वांत मोठी ती ग्रांद, पुढे फ्लाम्बो, मग सिरो, आणि थेट जाळावरची सर्वांत लहान बात्तरी. पहिलीत रस तापवून चुना टाकायचा, मळी काढायची आणि रस आटत जाईल तसा लांब दांड्याच्या पळ्यांनी पुढच्या कढईत उपसायचा. बात्तरीतला पाक नेमक्या क्षणी उतरवावा लागे. लवकर उतरवला तर दाणा पडत नाही, उशीर झाला तर करपतो. आपल्याकडे गुळव्याची जी नजर असते तीच ही. ती नजर बहुतेकदा गुलामीतल्या कारागिराची होती, आणि उकळत्या पाकाचे चटके रात्रभर उपसणाऱ्यांना. थंड झालेली साखर हजारेक पौंडांच्या लाकडी पिंपांत भरत. पिंपाच्या बुडाला भोकं असत, त्यांतून काकवी निथळायची.

ही पद्धत बदलली नॉर्बर रिल्यू यांनी. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई गुलामीत नसलेली कृष्णवर्णीय स्त्री. पॅरिसला शिकून आलेल्या रिल्यूंनी बंद भांड्यांची मालिका रचली: पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि कमी दाबामुळे रस कमी तापमानाला उकळतो. पेटंट १८४३ आणि १८४६ चं. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांतले इव्हॅपोरेटर आजही याच तत्त्वावर चालतात. इंधन वाचलं, पळ्यांचं उपसणंही गेलं. पण वाचलेल्या इंधनातून आणखी साखर काढली गेली, कुणाची सुटका झाली नाही. रिल्यू स्वतः पुढे फ्रान्सला निघून गेले आणि १८९४ मध्ये तिथेच वारले.

अमेरिकेने १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी घातली, तेव्हा व्यापार देशातल्या देशात वळला. यादवी युद्धापर्यंत सुमारे दहा लाख माणसं व्हर्जिनिया-मेरीलंडसारख्या जुन्या राज्यांतून दक्षिणेत नेली गेली आणि न्यू ऑर्लिन्स ही सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. १८३८ मध्ये मेरीलंडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी २७२ जणांना १,१५,००० डॉलरला लुइझियानाच्या मळ्यांना विकलं. त्यातून त्यांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फिटलं. उसासाठी निवडून घेतलेल्यांत पुरुषांचा भरणा मोठा असे. ऊस पिकवणाऱ्या भागात जन्मापेक्षा मृत्यू जास्त होते, त्यामुळे खरेदी थांबत नसे.

व्हिटनीतल्या काळ्या दगडाच्या भिंतींवर नावं कोरली आहेत. एका भिंतीवर याच मळ्यावरची साडेतीनशेहून अधिक माणसं आहेत. पलीकडच्या भिंतींवर इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी दप्तरांतून जमवलेली लुइझियानाची सुमारे १,०७,००० नावं. ही नावं आपल्याला मिळतात कारण विक्री आणि वारसाहक्काच्या कागदांत माणसांची नोंद जिन्नस म्हणून झाली. तिसऱ्या ठिकाणी या एका परगण्यात मेलेल्या २,२०० मुलांची नावं आहेत. इथे घाई करू नका. मार्गदर्शक पुढे गेला तरी चालेल.

गुलामांच्या १८११ च्या बंडाचं स्मारक जरा आडबाजूला आहे, कारण ते मुलांना झेपणारं नाही: दांड्यांवर लावलेली मातीची मुंडकी. ८ जानेवारी १८११ च्या रात्री चार्ल्स देस्लाँद यांच्या नेतृत्वाखाली पूर्व काठावरून शेकडो लोक न्यू ऑर्लिन्सकडे निघाले. दोन दिवसांत बंड मोडलं, डेस्ट्रेहानच्या मळ्यावर खटले चालले आणि मारलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर टांगली गेली. आवारातली लोखंडी कोठडी मात्र गुलामगिरी संपल्यानंतरची आहे. पाहणारे ती मळ्याचीच समजतात.

आता बंगला पाहा, दहा मिनिटं पुरतात. वॅशरीच्या ओक अ‍ॅलीला गेलात तर अंत्वान या माळ्याचं नाव विचारा. १८४० च्या दशकात त्यांनी पिकॅन या अक्रोडासारख्या फळाची १६ झाडं कलमं करून तयार केली आणि त्यांतूनच पहिला व्यापारी वाण आला. मळ्याच्या यादीत त्यांच्यापुढे कौशल्य लिहिलं आहे आणि पुढे किंमत.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर मजुरी आली, पण रोख नव्हे. मळ्याच्या दुकानातच चालणाऱ्या चिठ्ठ्या मिळत, भाव दुकानदाराचा, आणि कर्ज फिटेपर्यंत खोपटं सोडता येत नसे. १८८७ च्या नोव्हेंबरात, ऐन हंगामात, सुमारे दहा हजार ऊसमजुरांनी रोख पगारासाठी संप केला. २३ तारखेला टिबोडो गावात गोऱ्या टोळ्यांनी गोळ्या घातल्या. मृतांचे बरेच अंदाज ३० ते ६० चे आहेत, काही त्याहून खूप मोठे. त्यानंतर या ऊसपट्ट्यात संघटना कित्येक दशकं उभी राहिली नाही. व्हिटनीच्या आवारात मजूर १९७५ पर्यंत राहत होते.

आणि ते चिंचोळे पट्टे? मोठी सलग जमीन, विकायला एकच मालक, दारात जहाजाचा धक्का: विसाव्या शतकात तेल आणि रसायन कंपन्यांना हेच हवं होतं. दोन शहरांमधल्या सुमारे १३५ किलोमीटरच्या पट्ट्यात आज दीडशेच्या आसपास कारखाने आहेत. मळ्यांच्या कडेला मुक्त झालेल्यांनी वसवलेली गावं त्यांच्या कुंपणाला खेटून आहेत. कारखान्यांच्या प्रदूषणामुळे या पट्ट्याला कर्करोगाची गल्ली (कॅन्सर अ‍ॅली) हे नाव पडलं. व्हिटनीला लागून असलेल्या वॉलेस गावात धान्याचं अजस्त्र टर्मिनल येणार होतं. गावकरी आणि ‘डिसेंडन्ट्स प्रोजेक्ट’ ही वंशजांची संस्था यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने बेत सोडला. त्याच वर्षी या संस्थेने लाप्लासचं वुडलँड प्लँटेशन विकत घेतलं. १८११ चं बंड सुरू झालं ते घर हेच. ते पूर्व काठावर आहे, तेव्हा परतीच्या वाटेवर ठेवा आणि आत जाता येईल का हे संस्थेला आधी विचारून घ्या.